ड्रायव्हरमधील मेमरी दोष : एका रकान्याची चूक आणि ठप्प झालेले ८५ लाख संगणक

बेंगळुरू : शुक्रवार, १९ जुलै २०२४. भारतीय वेळेनुसार सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटसारख्या वसाहतींत कार्यालये नुकतीच उघडत होती. त्याच मिनिटाला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने जगभरातील आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांवर एक छोटी अद्ययावत फाइल धाडली आणि पाठोपाठ ते संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. ७८ मिनिटांनी फाइल मागे घेण्यात आली. परंतु तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले होते. इंडिगोला सुमारे २०० उड्डाणे रद्द करावी लागली. बेंगळुरूसह देशातील अनेक विमानतळांवर कामकाज विस्कळीत झाले आणि प्रवाशांच्या हाती हस्तलिखित बोर्डिंग पास पडले. दहा बँका व बिगर बँकिंग वित्तसंस्थांच्या कामात किरकोळ अडथळे आल्याचे रिझर्व्ह बँकेने त्या दिवशी सांगितले.

हा सायबर हल्ला नव्हता. संगणकाच्या अंतर्भागात चालणाऱ्या एका ड्रायव्हरने त्याला नेमून दिलेल्या मेमरीच्या सीमेबाहेर जाऊन वाचन केले, एवढेच घडले होते. अशा चुकांना ‘मेमरी सुरक्षेचे दोष’ म्हणतात. संगणकशास्त्राला ते पन्नास वर्षांपासून ठाऊक आहेत, त्यांची दुरुस्ती अनेकदा एकाच ओळीची असते, तरीही ते संपलेले नाहीत.

होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून एचएसआर लेआउटला नाव मिळाले. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने शहराच्या आग्नेयेस वसवलेली ही सात सेक्टरांची वसाहत आज नवउद्योगांसाठी ओळखली जाते. एका बाजूला आउटर रिंग रोडवरील तंत्रज्ञान कंपन्यांची संकुले, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्स सिटीकडे जाणारा होसूर रस्ता. पुणे, कोल्हापूर, सांगली, बेळगावहून आलेले अनेक मराठी अभियंतेही या पट्ट्यात नोकरी करतात. चिप, मोबाइल आणि उपकरणांसाठी लागणारे ड्रायव्हर लिहिणाऱ्या व तपासणाऱ्या मनुष्यबळाचे बेंगळुरू हे देशातील प्रमुख केंद्र असल्याने हा विषय या शहराच्या रोजच्या कामाचा आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय?

कॅमेरा, प्रिंटर, वायफाय, ध्वनियंत्रणा, ग्राफिक्स चिप अशा प्रत्येक उपकरणाची भाषा निराळी असते. ती भाषा ऑपरेटिंग सिस्टीमला समजावून देणारा दुभाषी प्रोग्राम म्हणजे डिव्हाइस ड्रायव्हर. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात आणि बहुतेक ड्रायव्हर या गाभ्यातच, त्याच्याच अधिकाराने चालतात.

हा फरक इमारतीच्या उदाहरणाने समजून घेता येईल. ब्राउझर, गेम, बँकेचे अ‍ॅप हे आपापल्या सदनिकेतले रहिवासी. एकाच्या घरात नळ फुटला तर त्याचे घर भिजते. शेजारी सुरक्षित राहतो. ड्रायव्हर मात्र इमारतीच्या सर्व घरांच्या किल्ल्या जवळ असलेला कर्मचारी आहे. त्याची चूक कोणत्याही घरात शिरू शकते. म्हणूनच कर्नलमध्ये अशी चूक आढळताच विंडोज संपूर्ण संगणक थांबवते. पुढे चालू ठेवल्यास नोंदी बिघडण्याचा धोका अधिक असतो. क्राउडस्ट्राइक कोणत्याही यंत्रभागासाठी ड्रायव्हर बनवत नाही; तिचे सुरक्षा सॉफ्टवेअर हल्ल्यांवर नजर ठेवता यावी म्हणून ड्रायव्हरच्या रूपाने कर्नलमध्ये बसवलेले होते.

चुकीचे स्वरूप

कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कारणमीमांसेनुसार, नियमांच्या एका नमुन्यात माहितीचे २१ रकाने ठरवलेले होते; मात्र त्यांत भरण्यासाठी प्रोग्राम २० च मूल्ये पुरवत होता. आधीच्या फायलींत २१ व्या रकान्याला ‘काहीही चालेल’ असे मोघम चिन्ह असल्याने विसंगती चाचणीत उघड झाली नाही. १९ जुलैच्या फाइलने प्रथमच २१ व्या मूल्याची प्रत्यक्ष तुलना मागितली. ड्रायव्हर विसाव्या मूल्याच्या पुढची जागा वाचायला गेला, आणि ती जागा त्याची नव्हती. पुढे २५ जुलै रोजी वाचनापूर्वी सीमा तपासण्याची तरतूद प्रोग्राममध्ये करण्यात आली.

मेमरी दोषांचे मुख्य प्रकार चार आहेत. पहिला, वर सांगितलेला सीमोल्लंघनाचा : नेमलेल्या जागेच्या बाहेर वाचणे किंवा लिहिणे. वाचल्यास गुप्त माहिती फुटू शकते वा यंत्रणा कोसळते. लिहिल्यास दुसऱ्याची माहिती बदलते. दुसरा, मोकळ्या केलेल्या जागेचा वापर : भाडेकरूने घर सोडले, मात्र जुनी किल्ली खिशात राहिली आणि नवा भाडेकरू आल्यावरही तो त्या किल्लीने आत येत राहिला, तसा हा प्रकार. तिसरा, तीच जागा दोनदा मोकळी करणे. त्यामुळे मेमरी वाटपाचा हिशेबच बिघडतो. चौथा, जागा स्वच्छ न करता वापरणे : न पुसलेल्या पाटीवर आधीच्या विद्यार्थ्याची अक्षरे दिसावीत, तशी पूर्वीची माहिती तिथे उरते.

या चारही प्रकारांना वाव मिळतो तो प्रामुख्याने सी भाषेमुळे. बेल लॅबमध्ये डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या प्रारंभी घडवलेली ही भाषा वेगवान आहे आणि यंत्राच्या अगदी जवळ जाऊ देते. मात्र कोणती जागा कोणाची, ती किती मोठी आणि ती कधी मोकळी झाली याचा हिशेब ती लिहिणाऱ्यावर सोपवते. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड या सर्वांचे कर्नल मुख्यतः सी भाषेतच उभे राहिले. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केले की, कंपनी दरवर्षी ज्या सुरक्षा त्रुटी दुरुस्त करते, त्यांपैकी सुमारे ७० टक्के मेमरी सुरक्षेशी संबंधित असतात.

ड्रायव्हरच का?

लिनक्स कर्नलच्या एकूण मजकुरापैकी निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये केलेल्या अभ्यासात ड्रायव्हरांमधील चुकांचे प्रमाण उर्वरित कर्नलच्या तुलनेत तीन ते सात पट असल्याचे आढळले होते. विंडोज एक्सपीतील ८५ टक्के बिघाडांना ड्रायव्हर कारणीभूत असल्याचे २००३ मधील एका शोधनिबंधात नमूद आहे.

याची कारणे व्यवहारातली आहेत. कर्नलचा मध्यवर्ती भाग असंख्य नजरांखालून जातो. एखाद्या विशिष्ट चिपचा ड्रायव्हर मोजकेच लोक वाचतात. तो तपासायचा तर ते उपकरण हाताशी हवे. उपकरण कधी उत्तर देईल, कधी मध्येच काढले जाईल याचा भरवसा नसतो आणि त्याच क्षणी प्रोसेसरच्या दुसऱ्या भागात तोच ड्रायव्हर चालू असू शकतो. शिवाय उपकरणाकडून येणारी माहिती खरीच असेल, असे गृहीत धरण्याची जुनी सवय आहे. यूएसबीला जोडलेली वस्तू स्वतःला कॅमेरा म्हणवत असली, तरी ती कॅमेराच असेल असे नाही.

सोळा वर्षे लपलेला दोष

ही अखेरची बाब किती गंभीर ठरू शकते, हे लिनक्समधील यूएसबी व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या ड्रायव्हरने दाखवून दिले. ‘सीव्हीई-२०२४-५३१०४’ या क्रमांकाने नोंदलेला हा दोष २००८ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२६ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये होता. अँड्रॉइडचा पाया लिनक्स असल्याने तो असंख्य मोबाइल फोनांतही पोहोचला.

कॅमेरा जोडल्यावर तो आपल्या चित्रचौकटींची यादी ड्रायव्हरला देतो. ड्रायव्हर ती यादी दोनदा वाचतो. पहिल्या फेरीत चौकटी मोजून तेवढी मेमरी राखून ठेवतो, दुसऱ्या फेरीत त्यांचा तपशील तिथे लिहितो. पहिल्या फेरीत ‘अनिश्चित’ प्रकारच्या चौकटी मोजल्या जात नव्हत्या. दुसऱ्या फेरीत मात्र त्याही लिहिल्या जात. पंगतीसाठी पाने मांडताना काही पाहुणे मोजायचेच नाहीत आणि बसवताना मात्र सगळ्यांना बसवायचे, असा हा घोळ होता. जास्तीचे लेखन राखीव जागेच्या बाहेर जाई. सामान्य कॅमेरा अशी यादी देत नाही, म्हणून सोळा वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. मुद्दाम घडवलेले उपकरण मात्र ती देऊ शकते.

अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, सर्बियातील आंदोलक विद्यार्थ्याचा कुलूपबंद अँड्रॉइड फोन सेलेब्राइट या कंपनीच्या साधनाने उघडण्यात आला होता आणि त्यासाठी लिनक्सच्या यूएसबी ड्रायव्हरांमधील दोषांचा साखळीने वापर झाला होता. त्यांत या कॅमेरा ड्रायव्हरचा समावेश होता. फोनला कॅमेरा जोडलेला नव्हता. कॅमेऱ्याचे सोंग घेणारे उपकरण पुरेसे ठरले.

दुरुस्ती किती मोठी होती? ‘अनिश्चित’ प्रकारच्या चौकटी दुसऱ्या फेरीतही वगळाव्यात, एवढी एक अट जोडण्यात आली.

दोष सापडतो कसा, दुरुस्त होतो कसा

वाचून न सापडणारे दोष शोधण्यासाठी आता यंत्रांची मदत घेतली जाते. २०१५ पासून लिनक्समध्ये ‘कॅसॅन’ हे साधन आहे. ते मेमरीच्या प्रत्येक राखीव तुकड्याभोवती निषिद्ध पट्टा आखते आणि मोकळ्या झालेल्या तुकड्यावर खूण करते. प्रोग्रामने त्या हद्दीत पाऊल टाकताच कोणत्या ओळीने उल्लंघन केले, ती जागा कोणी राखली होती आणि कोणी मोकळी केली, याचा पंचनामा मिळतो. गूगलने विकसित केलेले ‘सिझकॉलर’ कर्नलवर अहोरात्र वेड्यावाकड्या विनंत्यांचा मारा करून अशा चुका बाहेर काढते.

दोष हाती लागल्यावर पहिले काम तो हमखास पुन्हा घडवून पाहण्याचे. त्यानंतर खरे कारण शोधावे लागते. इथेच ठिगळ आणि दुरुस्ती यांतला फरक दिसतो. मोकळ्या झालेल्या जागेचा वापर होत असेल, तर ‘पत्ता रिकामा आहे का’ अशी तपासणी जोडून निळा पडदा काही काळ टळेल; पण तपासणी आणि वापर या दोहोंच्या मधल्या क्षणी दुसऱ्या प्रक्रियेने जागा मोकळी केली, तर दोष तसाच राहतो. खरी दुरुस्ती म्हणजे त्या जागेचे वापरकर्ते मोजणे, शेवटचा बाहेर पडेपर्यंत ती मोकळी न करणे आणि दोघांनी एकाच वेळी हात घालू नये म्हणून कुलूप लावणे. दुरुस्तीचा बदल शक्य तितका लहान ठेवला जातो, मूळ चूक कोणत्या बदलातून आली याची नोंद त्यासोबत केली जाते आणि त्या विभागाच्या जबाबदार तज्ज्ञांच्या तपासणीनंतर तो मुख्य कर्नलमध्ये व पाठोपाठ जुन्या स्थिर आवृत्त्यांमध्ये घेतला जातो.

पण एवढ्याने वापरकर्त्याचे उपकरण सुरक्षित होत नाही. अँड्रॉइड फोनच्या बाबतीत दुरुस्ती कर्नलकडून गूगलकडे, चिप निर्मात्याकडे, फोन बनवणाऱ्या कंपनीकडे आणि शेवटी फोनपर्यंत जावी लागते. कॅमेरा ड्रायव्हरची दुरुस्ती अँड्रॉइडच्या फेब्रुवारी २०२५ च्या सुरक्षा पत्रकात आली. त्याच साखळीतील अन्य दोन दोषांच्या दुरुस्त्या मार्च आणि एप्रिलमध्ये आल्या. ज्या फोनांचा अद्ययावतीकरणाचा कालावधी संपला आहे, त्यांच्यापर्यंत ही साखळी पोहोचतच नाही. १९ जुलैचा अनुभवही असाच होता. चुकीची फाइल मागे घ्यायला ७८ मिनिटे लागली. परंतु बंद पडलेले संगणक सुरूच होत नसल्याने कर्मचाऱ्यांना अनेक ठिकाणी एकेका यंत्रापाशी जाऊन ते ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून ती फाइल हाताने काढावी लागली.

बेंगळुरू, पुणे आणि मुंबईतील काम

ड्रायव्हर चालवून पाहण्याआधीच त्यातील चुका गणिती पद्धतीने शोधण्याच्या संशोधनात भारताचा वाटा मोठा आहे. श्रीराम राजामणी आणि थॉमस बॉल यांनी मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत ‘स्लॅम’ हा प्रकल्प उभारला. त्यातून विंडोज ड्रायव्हर तपासणारे ‘स्टॅटिक ड्रायव्हर व्हेरिफायर’ हे साधन तयार झाले. या कार्यासाठी दोघांना २०११ चा ‘सीएव्ही’ पुरस्कार मिळाला. मायक्रोसॉफ्टची भारतीय संशोधन शाखा २००५ मध्ये बेंगळुरूत सुरू झाली. राजामणी पुढे तिचे प्रमुख झाले. याच शाखेतील आकाश लाल यांनी शाझ कादीर यांच्यासोबत विकसित केलेले ‘कॉरल’ हे इंजिन नंतर त्या साधनात वापरले गेले.

या साधनाची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. कुलूप लावले तर ते काढले का, कर्नलच्या सुविधा योग्य क्रमाने वापरल्या का, अशा नियमांवर त्याचा मुख्य भर होता. मेमरीच्या सीमा पाळल्या जातात, हे मूळ ‘स्लॅम’मध्ये गृहीत धरलेले होते. मेमरीचा मागोवा घेणे हा त्याहून कठीण प्रश्न आहे. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक उदय खेडकर यांचे संशोधन प्रामुख्याने त्याच दिशेचे आहे : प्रोग्राममधील कोणता पॉइंटर केव्हा कोणत्या जागेकडे बोट दाखवतो, याचे विश्लेषण. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरच्या परंपरेतून सी भाषेतील प्रोग्राम तपासणारी साधने घडली. तेथील ‘व्हेरिअ‍ॅब्स’ने प्रोग्राम तपासणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०२० आणि २०२१ मध्ये एका प्रमुख गटात पहिला क्रमांक मिळवला.

दोषाचा प्रकारच मिटवण्याचा प्रयत्न

एकेक दोष शोधून बुजवण्यापेक्षा तो लिहिताच येऊ नये, अशी भाषा वापरणे हा दुसरा मार्ग आहे. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये सुरू केलेली आणि २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेली ‘रस्ट’ ही भाषा त्यासाठी पुढे आली. तिच्यात मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला एका वेळी एकच मालक असतो. इतरांना तो ठरावीक काळासाठी उसना मिळतो आणि मालक गेल्यावर उसनवारी चालत नाही. नियम मोडणारा प्रोग्राम कंपाइलरच नाकारतो, म्हणजे चूक ग्राहकाच्या यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी अभियंत्याच्या टेबलावरच अडते. सीमेबाहेरचे वाचन चालू प्रोग्राममध्ये तपासले जाते.

डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स ६.१ मध्ये रस्टला प्रवेश मिळाला आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिच्यावरील ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढण्याचा निर्णय कर्नलच्या प्रमुख तज्ज्ञांनी घेतला. विंडोजच्या कर्नलमध्येही काही भाग रस्टमध्ये आले आहेत. गूगलने २०२४ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार, अँड्रॉइडमधील एकूण त्रुटींपैकी मेमरी सुरक्षेच्या त्रुटींचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आले. विशेष म्हणजे त्यासाठी जुना प्रोग्राम पुन्हा लिहिलेला नव्हता. अशा त्रुटी प्रामुख्याने नव्या लेखनात असतात. जुने लेखन वापरात व तपासणीत मुरत जाते आणि त्यातील दोष घटत जातात. त्यामुळे केवळ नवे भाग सुरक्षित भाषेत लिहिण्याने एकूण चित्र बदलले.

हा उपाय रामबाण मात्र नाही. ड्रायव्हरला कधी ना कधी थेट यंत्राशी बोलावे लागते. त्यासाठी रस्टमध्ये ‘अनसेफ’ असा वेगळा भाग असतो आणि तिथली जबाबदारी पुन्हा लिहिणाऱ्याची. डिसेंबर २०२५ मध्ये लिनक्सच्या रस्ट भागातील पहिली सुरक्षा त्रुटी नोंदली गेली, ती अशाच भागाशी निगडित होती. फरक इतकाच की, संशयाची जागा संपूर्ण ड्रायव्हरऐवजी खूण केलेल्या मोजक्या ओळींपुरती उरते. तिसरा उपाय म्हणजे शक्य ते काम कर्नलच्या बाहेर काढणे. १९ जुलैच्या घटनेनंतर मायक्रोसॉफ्टने सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलबाहेर चालवता यावे, यासाठी काम हाती घेतले.

भारतासाठी महत्त्व

आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’, पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा ‘वेगा’ असे देशी प्रोसेसर आकार घेत आहेत. प्रत्येक नव्या चिपसोबत नवे ड्रायव्हर लिहावे लागतील आणि आजवरची आकडेवारी सांगते की दोष नव्या लेखनातच अधिक असतात. हे ड्रायव्हर कोणत्या भाषेत लिहायचे, त्यांच्या चाचणीवर किती वेळ द्यायचा आणि दुरुस्त्या किती वर्षे पुरवायच्या, हे निर्णय चिपच्या आराखड्याबरोबरच घ्यावे लागणार आहेत. ती नंतर करायची कामे मानल्यास त्यांची किंमत वापरकर्ता मोजतो.

सर्वसामान्य वापरकर्त्याच्या हाती असलेला उपाय साधा आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी पॅच’ची तारीख दिसते. ती काही महिन्यांहून जुनी असेल, तर उपलब्ध अद्ययावतीकरण करून घ्यावे. अनोळखी यूएसबी उपकरण फोनला वा संगणकाला जोडू नये. नवा फोन घेताना कंपनी किती वर्षे सुरक्षा दुरुस्त्या देणार आहे, हे विचारावे. गंभीर त्रुटींबाबत केंद्र सरकारची ‘सर्ट-इन’ ही संस्था वेळोवेळी इशारे प्रसिद्ध करते. मोठ्या कार्यालयांनी आणखी एक पथ्य पाळणे हिताचे : कर्नलमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सर्व यंत्रांवर एकाच वेळी न चढवता आधी थोड्या यंत्रांवर चालवून पाहावी.